साखळीची कडी: जोड कसा बसतो आणि तो का सुटतो

आमच्या गोठ्यातील म्हशीची साखळी एकदा तुटली, म्हणून बाजाराच्या दिवशी ती गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या एका दुकानात नेली. दोन मिनिटांत कडीवर बोराएवढा लोखंडाचा गोळा बसवून साखळी परत मिळाली. तिसऱ्या आठवड्यात म्हशीने मान झटकली आणि साखळी पुन्हा नेमक्या त्याच कडीत सुटली. उजेडात नेऊन पाहिले तेव्हा तो गोळा कडीच्या एका टोकाला घट्ट बसलेला होता, पण त्याच्या पोटात दुसऱ्या टोकाचा ठसा साच्यातून काढल्यासारखा स्पष्ट उमटला होता. ते दुसरे टोक किंचित निळे पडले होते, इतकेच. त्यावरील छिन्नीच्या जुन्या खुणासुद्धा शाबूत होत्या.

लोखंड वितळले होते, गोळा मजबूत होता, तरीही जोड झालाच नव्हता. हे कोडे अनेकांच्या घरात, शेतात आणि कारखान्यात रोज पडते. ते उलगडण्यासाठी जोड म्हणजे नेमके काय, येथून सुरुवात करावी लागते.

## धातू धातूला आपोआप का चिकटत नाही?

दोन धातूंचे पृष्ठभाग अगदी निर्मळ असतील आणि एकमेकांना सर्वत्र टेकतील, तर त्यांचे अणू आपण वेगळ्या तुकड्यांतील आहोत असा भेद करत नाहीत आणि जोड आपोआप होतो. निर्वात जागेत हे प्रत्यक्ष घडते. आपल्या हवेत मात्र दोन अडथळे येतात. पहिला अडथळा ऑक्साइडचा, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन धातूवर धरणाऱ्या पापुद्र्याचा; गंज हे त्याचे डोळ्यांना दिसणारे रूप आहे, पण चकचकीत दिसणाऱ्या लोखंडावरही तो पातळसा असतोच. दुसरा अडथळा खडबडीतपणाचा. कितीही घासलेली टोके एकमेकांना टेकवली, तरी ती थोड्याच उंचवट्यांवर भेटतात आणि उरलेल्या जागेत पोकळीच राहते.

घडीची पोळी करताना आपण पदरांमध्ये तेल लावतो आणि वर पिठी भुरभुरतो. कणीक तीच, लाटण्याचा दाब तोच, तरी पदर एकमेकांत मिसळत नाहीत आणि पोळी तव्यावर सुटी होते. तेल-पिठी न लावता त्याच घड्या लाटल्या, तर त्यांचा एकच गोळा होईल. धातूच्या जोडात ऑक्साइड हेच काम करतो. जोडण्याची कोणतीही रीत घ्या, हे तेल-पिठी कसे काढले आणि मधली पोकळी कशी भरली, या दोनच प्रश्नांची उत्तरे ती देत असते. आमच्या साखळीत पहिला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि गार टोकावर पडलेला वितळलेला रस त्याच्याशी एकजीव होण्याआधीच थिजला.

## लोहाराचा जोड: वितळवल्याशिवाय

बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव ज्यांनी भट्टीवर जोडली जाताना पाहिली आहे, त्यांनी जोडकामाची एक फार जुनी रीत पाहिली आहे. पट्टीची दोन्ही टोके ठोकून तिरपी आणि पातळ करायची, म्हणजे ती एकमेकांवर चढतात आणि टेकण्याची जागा वाढते. मग ती कोळशात पांढऱ्या तावापर्यंत तापवायची आणि ऐरणीवर घेऊन घणाचे घाव घालायचे. लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते. लोहार त्याच्या बराच खाली थांबतो, म्हणजे लोखंड घनच राहते, फक्त मेणासारखे मऊ होते.

ऑक्साइडचे काय होते, यात या कलेचे मर्म आहे. लोखंडावरील ऑक्साइड साधारण 1370 अंशांच्या आसपास वितळतो. त्यावर बारीक वाळू टाकली, तर वाळूतील सिलिका त्याच्याशी मिळून सुमारे 1200 अंशांनाच पातळ होणारा मळ तयार करते. टाकणखार म्हणजे सवागीही असेच काम करते. अशा पदार्थाला द्रावक म्हणतात. घणाचा पहिला घाव पडताच हा पातळ मळ ठिणग्यांच्या रूपाने बाहेर उडतो आणि आत निर्मळ लोखंड निर्मळ लोखंडाला भेटते. त्या ठिणग्यांबरोबर पोळीची पिठी झटकली जाते, असे म्हणायला हरकत नाही. म्हणून पहिला घाव फार जोराचा नसतो आणि तो मधोमध पडतो. कडेला आधी घाव घातला, तर मळ आतच कोंडतो.

बारीक सळयांच्या साखळ्या या रीतीने बनवण्याचे मोठे केंद्र इंग्लंडच्या ब्लॅक कंट्री भागातील क्रॅडली हीथ हे होते. जहाजांच्या जाड साखळ्या कारखान्यांत पुरुष बनवत, तर हलक्या साखळ्या बायका घरामागच्या छपरीत, स्वतःच भाता चालवून, एकेक कडी वाकवून आणि जोडून तयार करत. आठवड्याला 50 तासांहून अधिक राबून त्यांच्या हाती 5-6 शिलिंग (एक शिलिंग म्हणजे 12 पेन्स) पडत. 1910 साली कामगार नेत्या मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सुमारे 10 आठवडे संप केला आणि ताशी अडीच पेन्सचा किमान दर पदरात पाडून घेतला. जोडकामाच्या लेखात हा संप मुद्दाम सांगितला, कारण पांढरा ताव डोळ्यांनी ओळखणे आणि तो उतरण्याआधी घाव घालणे हे मोठे कसब असूनही, काम बायकांचे आणि घरातले म्हणून त्याला हलके मोल मिळत होते.

## कारखान्यातील कडी: विजेचा ताव

आज बाजारात मिळणारी बहुतेक लोखंडी साखळी विजेने जोडलेली असते, पण लोहाराचे तत्त्व तिने सोडलेले नाही. तार तुकडे करून कडीच्या आकारात वळवली जाते आणि पुढची तार तिच्यातून ओवली जाते. प्रत्येक कडीच्या सरळ बाजूवर एक फट उरते. त्या फटीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे जबडे टेकतात आणि त्यांतून हजारो अँपिअरचा प्रवाह काही व्होल्टच्या दाबाने सोडला जातो. घरातील इस्त्री चार-पाच अँपिअर घेते, यावरून त्या प्रवाहाची कल्पना यावी.

एवढा प्रवाह जिथे अडतो तिथे उष्णता होते, आणि प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. सर्वांत जास्त अडथळा दोन टोके जेमतेम टेकतात त्या जागी असतो. रुंद रस्त्यावरून सुरळीत आलेली गर्दी बोळाच्या तोंडाशी खेटते, तसेच हे आहे. टोके क्षणार्धात तापतात, यंत्र ती एकमेकांवर दाबते आणि मऊ झालेले लोखंड बाहेर फुगते. अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी या रीतीचे पेटंट 1886 साली घेतले.

जाड साखळीसाठी यात आणखी एक पायरी असते. टोके आधी हलकेच जवळ आणतात, त्यामुळे टेकणारे उंचवटे वितळून ठिणग्यांचा फवारा उडतो आणि त्याबरोबर ऑक्साइड व घाणही बाहेर फेकली जाते. टोके सर्वत्र सारखी तापली की एकदम जोराने दाबतात. याला फ्लॅश बट वेल्डिंग म्हणतात. दाबताना जोडाभोवती जी झालर बाहेर येते तिच्यात उरलासुरला मळ असतो, आणि ती छाटून टाकतात. नव्या साखळीच्या कडीवरून बोट फिरवले, तर सरळ बाजूच्या मध्यावर किंचित फुगवटा लागतो. तो या झालरीचा मागमूस होय.

कडीच्या बाबतीत एक अडचण अशी, की सरळ सळईत नसलेली आडवाट येथे विजेला मिळते. कडी म्हणजे वेटोळे, त्यामुळे फटीतून जाण्याऐवजी काही प्रवाह मागच्या बाजूने वळसा घालून दुसऱ्या जबड्याकडे पोहोचतो. तो वाया जातो आणि कडीची पाठ उगाच तापवतो. म्हणून जबडे फटीच्या शक्य तितके जवळ धरतात, म्हणजे वळशाची वाट तुलनेने लांब पडते. दोन सरळ सळया यंत्राच्या ज्या मापांवर नीट जुळतात, त्याच मापांवर तितक्याच जाडीची कडी कच्ची राहू शकते, त्याचे हे एक कारण.

## गावातल्या दुकानात काय करता येईल?

गावातल्या दुकानात आर्क वेल्डिंग असते, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधील हवेत विजेची ज्योत पेटवून दोन्ही वितळवण्याची रीत. रॉडवरील पांढरट लेप हाच येथील द्रावक. तो जळून धुराचे कवच धरतो आणि वितळलेल्या रसावर राखेसारखी साय आणतो, जी गार झाल्यावर हातोडीने टिपून काढायची असते.

बारीक सळईवर हे काम करताना उष्णता कमी पडली तर आमच्या साखळीसारखा नुसता गोळा चिकटतो आणि जास्त झाली तर सळई वितळून गळते, किंवा जोडाच्या कडेला खाच पडून ती तिथेच बारीक होते. दुसऱ्यांदा मी साखळी दुसऱ्या कारागिराकडे नेली आणि शेजारी उभा राहिलो. त्याने आधी तो गोळा ग्राइंडरने पूर्ण उडवला. मग सळईची दोन्ही टोके दोन्ही अंगांनी छिन्नीच्या धारेसारखी उतरती घासली, गंज चमक येईपर्यंत काढला आणि टोकांत नखाएवढी फट ठेवली. त्यामुळे ज्योत सळईच्या गाभ्यापर्यंत पोहोचली. नेहमीचा 3.15 मिलिमीटरचा रॉड बाजूला ठेवून त्याने 2.5 मिलिमीटरचा घेतला आणि प्रवाह 70-80 अँपिअरवर आणला. एका अंगाने भरले, साय टिपली, कडी उलटवून दुसऱ्या अंगाने भरले.

त्याची आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. मशीनचा अर्थिंगचा चिमटा त्याने टेबलाला न लावता ज्या कडीवर काम चालले होते तिलाच लावला. चिमटा साखळीच्या दुसऱ्या टोकाला असता, तर सगळा प्रवाह मधल्या प्रत्येक कडीतून गेला असता, आणि कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असल्याने त्या टेकण्याच्या जागी ठिणग्या पडून खड्डे पडले असते. हे खड्डे बाहेरून दिसत नाहीत आणि नेमके झिजेच्या जागी असतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. कोकणातल्या पावसाळ्यात रॉडचा लेप दमट होतो. त्या ओलाव्यातील हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि कडक जातीच्या पोलादात जोड गार झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, बारीक तडा पाडतो. म्हणून रॉड कोरडे हवेत. दुसरी गोष्ट जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीची. जस्त 907 अंशांना उकळते, ज्योतीचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते आणि त्यातून उठणारा पांढरा धूर छातीत गेला, तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, हा समज कामगारांत पसरलेला आहे, पण फुप्फुसात गेलेला धूर गुळाने निघत नाही. मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता कडेने उभे राहून करावे.

## सोनाराची कडी आणि ‘केडीएम’चा गोंधळ

मंगळसूत्राच्या किंवा पैंजणाच्या कडीला आर्कची ज्योत दाखवली, तर ती कडी थेंब होऊन खाली पडेल. तिथे सोनार डाग देतो. डाग म्हणजे मूळ धातूच्या आधी वितळणारा मिश्रधातू. कडीच्या फटीवर सवागी लावून डागाचा कण ठेवायचा आणि फुंकणीच्या ज्योतीने संपूर्ण कडी तापवायची. डाग वितळतो आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा आपोआप फटीत ओढला जातो. मात्र फट केसाएवढीच हवी. मोठ्या फटीत तो ओढला जात नाही आणि भरला तरी जोड कच्चा राहतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी या चांदीच्या गावात पैंजणांच्या हजारो कड्या अशा जोडून तयार होतात.

यंत्राने विणलेल्या बारीक साखळीत एकेका कडीवर कण ठेवणे अशक्य असते. एका रीतीत साखळी तेलात कालवलेल्या डागाच्या भुकटीत बुडवतात. मग वरची भुकटी पुसून टाल्कमध्ये घोळवतात, म्हणजे भुकटी फक्त फटीत उरते आणि शेजारच्या कड्या एकमेकींना चिकटत नाहीत. त्यानंतर सगळी साखळी भट्टीतून काढतात. येथे टाल्क म्हणजे मुद्दाम लावलेली पिठीच.

आता अनेक ग्राहकांना पडणाऱ्या प्रश्नाकडे येऊ. 22 कॅरेट म्हणजे हजार भागांत 916 भाग सोने. पण डाग आधी वितळायचा, तर त्यात तांबे-चांदी जास्त आणि सोने कमी असणार. समजा, 10 ग्रॅमच्या दागिन्यात 9 ग्रॅम 916 चे सोने आणि 1 ग्रॅम 60 टक्के सोन्याचा डाग आहे. दागिना आटवला, तर हाती येणारे सोने 916 नसून साधारण 884 भरेल. जुना दागिना मोडताना घट का निघते, याचे एक खरे कारण हे आहे, आणि तिथे सोनाराने फसवलेच असेल असे नाही.

यावर तोड म्हणून सुमारे 92 भाग सोने आणि 8 भाग कॅडमियम असा डाग वापरात आला, आणि त्यावरून ‘केडीएम’ हा शब्द रूढ झाला. त्यामुळे शुद्धता टिकली, पण कॅडमियम 767 अंशांनाच उकळते, म्हणजे डाग देताना त्याची वाफ कारागिराच्या नाकातोंडात जाते. कॅडमियम माणसात कर्करोग निर्माण करते, हे सिद्ध झालेले आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्किंगमध्ये आज त्याला जागा नाही आणि जस्तासारख्या इतर धातूंचे डाग वापरले जातात. तेव्हा ‘केडीएम सोने’ ही शुद्धतेची पातळी नसून जोडाची एक बाद झालेली रीत आहे. दुकानात पाहायचा तो हॉलमार्क. 16 जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांकही अनिवार्य आहे.

## ‘जोड मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतो’ हे खरे की खोटे?

हे विधान साध्या, कमी कार्बनच्या लोखंडापुरते बऱ्याच अंशी खरे आहे. रॉडचा धातू मूळ सळईपेक्षा मजबूत असतो आणि नीट बसलेला जोड ओढून पाहिला, तर सळई दुसरीकडे तुटते. चूक होते ती हाच न्याय वजन उचलण्याच्या साखळीला लावताना.

विहिरीतून मोटार काढण्यासाठी वापरतात त्या चेन पुलीची, म्हणजे चेन कुप्पीची, भार घेणारी साखळी मिश्रपोलादाची असते. उचलण्याच्या कामात ग्रेड 80 ही जात सर्रास आढळते आणि तिच्या कड्यांवर ठरावीक अंतराने 8 हा आकडा उठवलेला असतो. 10 मिलिमीटरच्या अशा साखळीचे गणित सोपे आहे. कडीच्या दोन पायांचे क्षेत्रफळ मिळून 157 चौरस मिलिमीटर, दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताकद, म्हणजे ती सुमारे 12.8 टनांना तुटते. त्याचा चौथा हिस्सा, साधारण 3.15 टन, एवढाच भार तिच्यावर द्यायचा असतो.

ही ताकद तिला जोडातून मिळालेली नसून जोडानंतरच्या संस्कारातून मिळालेली आहे. सगळी साखळी लाल तापवून एकदम गार करतात, त्याने पोलाद कडक होते, आणि मग 400 अंश किंवा त्याहून थोड्या जास्त तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. याला पाणी देणे म्हणतात. विळ्याला आणि कोयत्याला लोहार देतो तेच. म्हणूनच ही साखळी 400 अंशांच्या वर तापेल अशा जागी वापरूच नये, असा नियम आहे.

आता याच कडीवर आर्कची ज्योत धरा. मधोमध दीड हजार अंश आणि दोन-तीन सेंटिमीटरवर त्याहून कितीतरी कमी, अशी उतरण त्या इवल्याशा कडीत तयार होते. जोडाला लागून असलेला पट्टा लाल होतो आणि शेजारच्या गार लोखंडामुळे झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो. त्याच्या पलीकडचा पट्टा लाल होत नाही, पण 400 अंशांच्या वर जातो आणि त्याचे पाणी उतरून तो मऊ पडतो. जोड स्वतः भक्कम, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एक ठिसूळ आणि एक मऊ पट्टा. साखळी जोडाशेजारीच तुटते, ती या कारणाने. कारखान्यातही जोडाच्या वेळी हेच घडते, पण तिथे नंतर संपूर्ण साखळीला पाणी दिले जाते आणि ठरलेल्या भाराच्या अडीच पट ओढून तपासले जाते. दुकानात यातले काहीच होत नाही.

## मग तुटलेली साखळी फेकून द्यायची का?

गोठ्याची, फाटकाची किंवा कुंडी टांगण्याची साखळी जरूर जोडून घ्यावी. माणूस बसणारा झोपाळा मात्र मी यात धरणार नाही. भार उचलणाऱ्या साखळीला डागडुजीचा एकच योग्य मार्ग आहे. खराब कड्या कापून काढायच्या आणि त्याच मापाची, त्याच ग्रेडची, खिळीने बसणारी जोडकडी घालायची. चेन पुलीच्या चाकावरून फिरणाऱ्या साखळीत तीही चालत नाही, कारण तिचा आकार चाकाच्या खाचेत बसत नाही; तिथे साखळीच बदलावी लागते. खर्च होतो हे मला मान्य आहे. पण विहिरीत खाली माणूस उभा असतो.

‘आमची जोडलेली साखळी दहा वर्षे चालली’ असे सांगणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. तुटण्याचा भार आणि रोजचा भार यांत चौपट अंतर ठेवलेले असते, त्यामुळे निम्मी ताकद गेलेली कडीसुद्धा सावकाश उचललेले वजन पेलते. गाळात रुतलेली मोटार हिसका देऊन ओढली जाते, तेव्हा साखळीवरचा ताण मोटारीच्या वजनाच्या कित्येक पट होतो आणि ते अंतर एका क्षणात संपते.

जोड कुठेच नसलेली साखळीही तपासावी लागते. कड्या जिथे एकमेकींवर घासतात त्या आतल्या वळणावर झीज होते, आणि साखळी ताणलेली असताना ती जागा शेजारच्या कडीखाली झाकलेली असते. म्हणून साखळी सैल सोडावी, रॉकेलने ग्रीस पुसावे, कड्या एकेक फिरवून त्या वळणावर जाडी मोजणारा व्हर्नियर लावावा. 10 मिलिमीटरची कडी तिथे 9 च्या खाली आली असेल, तर तिचे लोखंड जवळजवळ पाचव्या हिश्शाने गेलेले असते आणि ती साखळी कामावरून काढायची असते.